नळाचे सांधे आणि विद्यार्थ्यांचे हात

आपल्या हातांनीं एखादी वस्तु बांधावी, ही हौस मनुष्यमात्राच्या ठिकाणीं उपजतच असते. लहान मूल ओल्या मातीचें घर करतें, तें कोणी शिकविलें म्हणून नव्हे. पुढें शाळेंत आल्यावर ही हौस पाठ्यपुस्तकांच्या ओझ्याखालीं दबते. परंतु ती मरत नाहीं. सुटीचे दिवस आले, कीं कोणी परसांतील वाफ्यांना पाणी देण्यासाठीं नळ्या अंथरतो, कोणी दोडक्याच्या वेलासाठीं नळांचा मांडव उभारतो, कोणी छपरावरचें पावसाचें पाणी पिंपांत उतरवूं पाहतो. ह्या सर्व उद्योगांत बहुधा एकच अडचण आडवी येते. नळ सांपडतो, करवत सांपडते, उत्साह तर अमूप असतो. सांपडत नाहीं तो सांधा! नळाला नळ जोडणारा तो वीतभरही नसलेला तुकडा मनाजोगा न मिळाल्यामुळें अर्ध्यावर पडलेलीं कामें आम्हीं अनेक घरीं व अनेक शाळांत पाहिलीं आहेत. अशा क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर वार्षिकाचीं पानें खर्च करण्याचें कारण इतकेंच, कीं आमच्या मतें हा प्रश्न जितका दुकानाचा आहे, त्याहून अधिक शिक्षणाचा आहे.

प्रथम अडचण खरोखर कोठें आहे तें पाहूं. दुकानांत जाऊन ‘अर्ध्या इंचाचा एल्बो द्या’ एवढें सांगितलें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु ‘अर्धा इंच’ हें येथें माप नसून नांव आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हां अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर झाला. आतां जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ घ्या. बाजार त्याला अर्ध्या इंचाचा म्हणतो. पण त्याचा बाहेरील व्यास सुमारें २१.३ मिलिमीटर भरतो. ऊन पाण्यासाठीं बसवितात तो फिकट पिवळसर सीपीव्हीसी नळ घ्या. तोही स्वतःस अर्ध्या इंचाचाच म्हणवितो. पण त्याचा बाहेरील व्यास १५.९ मिलिमीटर असतो. शेतीच्या पाण्याचा पीव्हीसी नळ मिलिमीटरांच्या मालिकेंत मोजला जातो: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ अशा क्रमानें. त्यांतला २० मिलिमीटरांचा नळ बोलतांना सर्रास ‘अर्ध्या इंचाचा’ होऊन बसतो. म्हणजे एकाच नांवाचे तीन गृहस्थ निघाले, आणि तिघांच्याही अंगरख्यांचीं मापें निराळीं! एकाचा अंगरखा दुसऱ्याच्या अंगास बसला नाहीं, ह्यांत नवल तें काय? ठिबक सिंचनाची काळी नळी १६ मिलिमीटरांची मिळते. ती सीपीव्हीसीच्या इतकी जवळ, तरी तिचे सांधे नळीच्या पोटांत शिरणारे असतात आणि सीपीव्हीसीचे सांधे नळास बाहेरून कवटाळणारे असतात. तेथें केवळ आंकडा जवळ आला म्हणून सोयरीक जुळत नाहीं.

हा घोटाळा कोणा एका व्यापाऱ्याच्या लबाडीनें झालेला नाहीं. तो इतिहासानें झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील शहरांत दिव्यांसाठीं ज्वलनवायु खेळवूं लागले, तेव्हां लोखंडी नळांस मोठी मागणी आली. १८२५ सालीं कॉर्नेलियस व्हाइटहाउस ह्या कारागिरानें तापलेल्या लोखंडी पट्टीच्या कडा जोडून नळ करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि नळ स्वस्त झाला. त्या काळीं नळाचें नांव त्याच्या आंतील पोकळीवरून पडे. पुढें धातु सुधारली, नळाची भिंत पातळ करतां येऊं लागली. पण बाहेरचा व्यास बदलावा कसा? आटे पाडावयाचे ते बाहेरच्या अंगावर, आणि जगांतील सर्व जुने सांधे त्याच अंगास बसणारे. म्हणून बाहेरचें माप तसेंच राहिलें आणि आंतील पोकळी वाढली. आज मध्यम जाडीच्या ‘अर्ध्या इंची’ लोखंडी नळाची पोकळी सुमारें १६ मिलिमीटर असते; म्हणजे तें नांव आंतल्या मापासही लागू राहिलें नाहीं. भारतांत दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला आणि १९५८ पासून ती पद्धति अंमलांत येऊं लागली. तरीही नळाच्या बाबतींत इंच लोकांच्या जिभेवरून उतरला नाहीं, आणि मिस्त्रीच्या तोंडीं अद्यापि ‘सूत’ आहेच.

व्यासाची गोष्ट झाली, आतां आट्यांची. सांध्याचे आटे ही केवळ गोल गोल फिरणारी रेघ नव्हे. त्या रेघेस कोन आहे, खोली आहे आणि एका इंचांत किती फेरे बसतात ह्याची ठराविक संख्या आहे. एके काळीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याच्या बोल्टास दुसऱ्या कारखान्याची चाकी चालत नसे. जोसेफ व्हिटवर्थ ह्या यंत्रकारानें निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच पद्धति सुचविली. तींत आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरला. आपल्या देशांतील पाण्याच्या नळांचे आटे त्याच घराण्यांतले आहेत. अमेरिकेनें मात्र पुढें ६० अंशांचा कोन पत्करला. ह्यांतून एक मोठी गंमतीची, पण तितकीच खर्चाची गोष्ट उद्भवते. अर्ध्या आणि पाऊण इंचांच्या नळांवर दोन्ही पद्धतींत एका इंचास १४ च आटे असतात. त्यामुळें अमेरिकन सांधा आपल्या नळावर दोनतीन फेरे गोडीनें जातो. चढविणारास वाटतें, जमलें! परंतु कोन निराळा असल्यामुळें दोहोंमध्यें फट राहते आणि पाणी सोडतांच ती बोलूं लागते. एक इंची नळावर तर इकडे ११ आणि तिकडे साडेअकरा आटे असल्यामुळें लवकरच अडतें. आणि आमच्या मतें तें अडणेंच बरें. जो सांधा स्पष्ट नकार देतो, तो अर्धवट होकार देणाऱ्या सांध्यापेक्षां अधिक प्रामाणिक होय.

सांधा न जुळण्याची किंमत केवढी असूं शकते, हें १९०४ सालच्या एका प्रसंगावरून दिसून येतें. त्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरास भयंकर आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून आगीचे बंब धांवून आले. माणसें आलीं, यंत्रें आलीं, शहराच्या नळांत पाणीही होतें. परंतु पाहुण्या बंबांपैकीं अनेकांच्या नळ्यांचीं तोंडें बाल्टिमोरच्या रस्त्यावरील नळांस बसेनात! हाताशीं पाणी असून तें आगीपर्यंत नेतां येईना. त्या आगींत दीड हजारांवर इमारती जळाल्या. ह्या अनर्थानंतर बंबाच्या नळ्यांच्या सांध्यांसाठीं एकच राष्ट्रीय माप ठरविण्याच्या कामास तेथें जोर आला. एक बोटभर आट्यानें शहराचें केवढें नुकसान केलें!

येथें एक अपवाद सांगून ठेवणें अवश्य आहे. कांहीं सांधे न जुळण्यासाठींच केलेले असतात. लोखंड जोडण्याच्या कारखान्यांत ऑक्सिजनच्या नळकांड्याचे आटे उजवे आणि ॲसिटिलिनसारख्या ज्वलनवायूच्या नळकांड्याचे आटे डावे ठेवितात. अंधारांत किंवा घाईंत एकाच्या जागीं दुसऱ्याची जोडणी होऊं नये, हा त्यांतील हेतु. म्हणून एखादा सांधा बसत नाहीं असें दिसतांच पान्ह्याचा जोर वाढविण्यापूर्वीं, ‘हा न बसण्यांत कांहीं शहाणपण तर नाहीं ना?’ असा प्रश्न मनास विचारावा. जोरानें प्रश्न सुटत नाहीं. तुकडा मात्र तुटतो.

मग योग्य सांधा शोधावा कसा? आमचें पहिलें सांगणें असें, कीं नांव विचारूं नका, माप घ्या. आमच्या विज्ञानशाळांच्या कपाटांत व्हर्निअर कॅलिपर नांवाचें सुंदर साधन असतें. पिएर व्हर्निअर ह्या फ्रेंच गणितज्ञानें ती युक्ति १६३१ सालीं प्रसिद्ध केली. परंतु आमचे विद्यार्थी त्या साधनानें एक पितळी गोळी मोजतात, वहींत उत्तर लिहितात आणि तें पुन्हां कपाटांत जातें. शाळेच्याच आवारांतील गळका नळ त्यानें कधीं मोजला जात नाहीं. घरीं हें साधन नसेल तर भूमिति आहेच. एक बारीक दोरा घ्यावा, नळाभोंवतीं शेजारीं शेजारीं घट्ट दहा वेढे द्यावे, दोरा उलगडून त्याची लांबी मोजावी, दहांनीं भागावें म्हणजे परीघ आला, त्यास ३.१४ नें भागावें म्हणजे व्यास आला. लोखंडी अर्ध्या इंची नळाचा परीघ सुमारें ६७ मिलिमीटर येईल, २० मिलिमीटरांच्या पीव्हीसीचा ६३, आणि सीपीव्हीसीचा ५०. वर्तुळाचा परीघ आणि व्यास ह्यांचें नातें परीक्षेसाठीं पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास त्या नात्याचा असा रोकडा उपयोग कोणी दाखविला, तर तो तें जन्मांत विसरणार नाहीं.

दुसरी गोष्ट, आटे मोजावे. आट्यांवर कागद दाबून धरावा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवावी. रेघांचा ठसा उमटतो. एका इंचांत किती रेघा भरल्या तें पाहावें. आटे नळाच्या बाहेर असतील तर कारागीर त्यास नर म्हणतात, आंत असतील तर मादी. हें न सांगतां आणलेला सांधा निम्म्या वेळां परत करावा लागतो.

तिसरी गोष्ट, दुकानांत पाऊल ठेवण्यापूर्वीं कागदावर नकाशा काढावा. नळ जेथें वळेल तेथें एल्बो, जेथें फाटा फुटेल तेथें टी, जेथें सरळ वाढवावयाचा तेथें सॉकेट, जेथें मोठ्यावरून लहानावर उतरेल तेथें रिड्यूसर, जेथें संपेल तेथें कॅप किंवा प्लग, अशा खुणा कराव्या आणि मग त्या मोजाव्या. नळ कापतांना सांध्याच्या पोटांत जाणारी लांबी धरण्यास विसरूं नये. लोखंडी नळाच्या मार्गांत कोठें तरी ‘युनियन’ नांवाचा सांधा अवश्य ठेवावा. तो मधोमध उघडतां येतो. त्यामुळें पुढें दुरुस्तीच्या वेळीं बाकीचा नळ न कापतां सुटा होतो. जो बांधणारा आजच उद्यांच्या दुरुस्तीची सोय करून ठेवितो, त्यास आम्ही दूरदर्शी म्हणूं. भिंतींत पुरलेला, कोठेंही न उघडणारा नळ हें बांधणाऱ्याच्या घाईचें स्मारक होय.

चौथी गोष्ट, जुना तुकडा हातीं असेल तर तो बरोबर न्यावा. सांधा सांध्यास जितका चांगला ओळखतो, तितकें कोणतेंही वर्णन ओळखूं शकत नाहीं. हल्लीं घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावर चित्र पाहून वस्तु मागविण्याची चाल पडली आहे. ती सोयीची खरी. परंतु चित्राला माप नसतें. पाव इंची एल्बो आणि दोन इंची एल्बो चित्रांत जुळे भाऊ दिसतात. चित्राखालीं बाहेरील व्यास, आट्यांची जात आणि द्रव्य हीं तिन्हीं लिहिलेलीं नसतील, तर तेथें पैसे धाडूं नयेत. त्यापेक्षां गांवांतील हार्डवेअरच्या दुकानदाराशीं ओळख ठेवणें बरें. मोठ्या शहरांत तर ह्या मालाच्या पेठाच आहेत. मुंबईस नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यास जुन्या बाजारांत एखादी सकाळ हिंडलें, तर जो सांधा नवीन मालांत मिळत नाहीं तो कधीं कधीं जुन्या मालांत हातीं लागतो. पितळी सांधे पाहिले तर पुष्कळसे गुजराथेंतील जामनगरचे निघतात. त्या गांवाची पितळी सुट्या भागांसाठीं ख्यातिच आहे. माल घेतांना भारतीय मानकाची खूण पाहावी. लोखंडी नळावर रंगाचा पट्टा असतो: पिवळा असेल तर हलका, निळा असेल तर मध्यम, तांबडा असेल तर जड. एवढी अक्षरओळख तर प्रत्येक घरांत असावी.

नळांचा उपयोग पाण्यापुरताच आहे असें नव्हे. मुलें त्यांचे मांडव, कपाटें, रोपांचे पिंजरे, नाटकाच्या पडद्यांच्या चौकटी करतात. येथें एक चमत्कारिक अडचण येते. पेटीच्या आकाराच्या चौकटीस प्रत्येक कोपऱ्यांत तीन दिशांनीं येणारे तीन नळ जोडावे लागतात. आणि तसा सांधा नळकामाच्या सामान्य दुकानांत सहसा मिळत नाहीं. कारण उघड आहे. पाण्यास अशा कोपऱ्याची गरज फारशी पडत नाहीं. त्याचे एल्बो आणि टी सपाटीवर ठेविले तर सपाट बसतात. मग मुलें निराश होतात. पण थोडा विचार केला, तर एक टी आणि एक एल्बो मिळून हें काम होतें. टीच्या सरळ वाटेच्या एका तोंडांत पहिला नळ घालावा, आडव्या फाट्यांत दुसरा. सरळ वाटेच्या उरलेल्या तोंडांत बोटभर तुकडा घालून त्यावर एल्बो खालीं वळवून बसवावा आणि त्यांत तिसरा नळ उभा करावा. कोपरा दोन अंगुळें सरकतो. पण चौकट उभी राहते. बाजारांत जें नाहीं तें बाजारांत जें आहे त्यांतून घडविणें, हीच खरी कारागिरी. अशा चौकटीवर कोणी चढूं नये. आणि पीव्हीसी नळ वर्षानुवर्षें उन्हांत राहिला तर ठिसूळ होतो, म्हणून त्यास रंगाचा हात द्यावा.

जोडण्याच्या कृतीविषयीं थोडे इशारे दिल्यावांचून राहवत नाहीं. पीव्हीसीस लावतात तें द्रव्य नेहमींचा डिंक नव्हे. तें नळाचा आणि सांध्याचा पृष्ठभाग मऊ करून दोहोंस एकजीव करतें. म्हणून एकदां बसलेला सांधा पुन्हां सुटत नाहीं. आधीं कोरडा बसवून पाहावा, मग लावावें. पीव्हीसीचें आणि सीपीव्हीसीचें द्रव्य वेगळें असतें. त्याची वाफ डोक्यास चढते आणि तें पेट घेतें. काम मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर करावें. ऊन पाण्यास साधा पीव्हीसी वापरूं नये. प्लास्टिकच्या मादी आट्यांत लोखंडी नळ जोरानें आवळूं नये, तो तडकतो. तेथें पितळी आटे बसविलेला सांधा घ्यावा. आट्यांवर गुंडाळण्यास टेफ्लॉनची पट्टी चांगली. शिसें असलेला सफेदा पिण्याच्या पाण्याच्या नळास कदापि लावूं नये. लोखंड आणि तांबें साक्षात् जोडूं नये, लोखंड लवकर झिजतें. आणि सर्वांत महत्त्वाचें: स्वयंपाकाच्या वायूची जोडणी, विजेजवळची जोडणी आणि नगरपालिकेच्या मुख्य नळावरील जोडणी ह्यांस विद्यार्थ्यांनीं हात लावूं नये. स्वावलंबनासही मर्यादा असते, आणि ती ओळखणें हा स्वावलंबनाचाच एक भाग आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची कल्पना देशापुढें मांडली. त्यानंतर अनेक वर्षांनीं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत, सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनीं दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांपाशीं काम शिकावें अशी सूचना आली. दोन्ही विचारांचा गाभा एकच: हात आणि डोकें ह्यांची फारकत करूं नये. आमची तक्रार एवढीच, कीं आम्ही शिक्षकवर्ग अशा सूचनांचें स्वागत भाषणांत करतों आणि अंमल प्रदर्शनांत करतों. रंगीत कागदाचीं फुलें टेबलावर मांडलीं, पाहुण्यांनीं तीं पाहिलीं, कीं हस्तव्यवसाय संपला. त्यापेक्षां आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक शाळेनें सांध्यांची एक पेटी ठेवावी. तींत लोखंडी, पीव्हीसी, सीपीव्हीसी, पितळी असे निरनिराळे वीसतीस सांधे असावे. प्रत्येकास चिठ्ठी बांधलेली असावी. चिठ्ठीवर नांव, द्रव्य, बाहेरील व्यास आणि इंचांतील आट्यांची संख्या असावी. चिठ्ठ्या विद्यार्थ्यांनींच मोजमाप करून लिहाव्या. गांवांतील एखाद्या नळकाम करणाऱ्या मिस्त्रीस सन्मानानें वर्गांत बोलवावें, त्यास खुर्ची द्यावी आणि त्याच्यापासून शिकावें. ह्यास फारसा खर्च नाहीं. मोडक्या नळांचे तुकडे तर शाळेच्या अडगळींतच निघतील.

ह्यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, कीं हें काम मिस्त्रीचें आहे. सर्वांनीं तें केलें तर त्याच्या पोटावर पाय येईल. आमचा अनुभव उलट आहे. ज्यास सांध्याचें माप कळतें तोच मिस्त्रीच्या कौशल्याची कदर करतो आणि त्यास वाजवी मजुरी देतांना घासाघीस करीत नाहीं. अज्ञानी गिऱ्हाईक मात्र चांगल्या आणि वाईट कामाचा दर एकच लावतें. दुसरा आक्षेप असा, कीं ह्यानें गुण मिळत नाहींत. खरें आहे, पण परीघ, कोन, सरासरी, धातूंचे गुणधर्म, द्रावण, दाब ह्या सर्वांचें गुणपत्रिकेंतील महत्त्व कोणी नाकारीत नाहीं, आणि हीं सर्व ह्या एका पेटींत भरलेलीं आहेत. तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाहीं, पण तोच सर्वांत खोल आहे. हात काळे होतील, प्रतिष्ठा जाईल! ह्या देशांत जो नळ जोडतो, जो गटार साफ करतो, त्याच्या हातास शतकानुशतकें हलकें मानिलें गेलें. आणि ज्यास तें पाणी मिळालें तो स्वतःस मोठा समजला. ही समजूत जोंपर्यंत शाळेच्या उंबरठ्याच्या आंत आहे, तोंपर्यंत आमचें शिक्षण अपुरें आहे, असें आम्ही निःसंकोच म्हणतों. मुलीही ह्यांतून वगळूं नयेत. घरांतील पाण्याची चिंता ज्यांना अधिक वाहावी लागते, त्यांनाच पान्हा धरूं न देणें हा कोठला न्याय?

शेवटीं थोडें गणित. गळक्या सांध्यांतून दर सेकंदास एक थेंब पडतो असें समजा. दिवसाचे ८६,४०० थेंब झाले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसास सुमारें सव्वाचार लिटर आणि वर्षास दीड हजारांहून अधिक लिटर पाणी मातींत जातें. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूरच्या तहानेल्या लोकांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाहीं. ज्या प्रांतांत पाण्यास आगगाडीनें प्रवास करावा लागतो, तेथें एक गळका सांधा ही केवळ घरगुती गैरसोय नव्हे. ती शेजाऱ्याच्या घागरींतील चोरी होय.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक करा. आपल्या घरांतील नळ कोठून येतो, कोठें वळतो, कोठें गळतो, ह्याचा नकाशा काढा; दोरा घेऊन त्याचें माप घ्या; आणि मग दुकानांत जाऊन नांवानें नव्हे तर मापानें सांधा मागा. दुकानदार प्रथम तुमच्याकडे आश्चर्यानें पाहील, मग फळीवरून नेमका तुकडा काढून देईल. तो घरीं आणून बसविल्यावर पाणी सोडा आणि सांध्याखालीं कोरडा कागद धरा. कागद कोरडाच राहिला, तर तुम्हीं जी परीक्षा दिली तीत तुम्ही उत्तीर्ण झालां असें समजा. तिचें प्रशस्तिपत्र कोणी छापून देणार नाहीं, पण घरांतील प्रत्येक माणूस तें रोज पिईल.